सिगारच्या व्यापाराचे आकडे: कॉमट्रेड बरं की आयातदार देशांचं दप्तर?

नागपुरात बसून सिगारच्या जागतिक पुरवठ्याचे आकडे कोणाला लागतात, असं वाटणं साहजिक आहे. पण लागतात. तेंदूपत्त्याच्या व्यवहारात हयात गेलेल्या घरातली पुढची पिढी विडीपलीकडचं काही शोधते आहे. लाकडी पेट्या आणि पॅकिंगचा माल करणाऱ्यांना बाहेरची मागणी बघायची असते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प करायचे असतात, तंबाखूविरोधी काम करणाऱ्या मंडळींना वापराचा अंदाज हवा असतो. मी छोट्या व्यापाऱ्यांसाठी बाजाराची टिपणं तयार करतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे फिरून फिरून येतो: संयुक्त राष्ट्रांच्या कॉमट्रेड या जागतिक व्यापाराच्या आकड्यांच्या साठ्यावरून सगळं एकत्र घ्यावं, की सिगार विकत घेणाऱ्या देशांच्या सीमाशुल्काचे आकडे देशागणिक काढावेत? म्हणजे अमेरिकेसाठी तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाचं डेटावेब, युरोपसाठी युरोपीय संघाची सांख्यिकी संस्था युरोस्टॅट, असं.

मी दोन्ही बराच काळ वापरलं आहे. आज एका बाजूला झुकलो आहे, ते का, हेच सांगतो. तुमचं काम वेगळं असेल तर निष्कर्षही वेगळा निघू शकतो.

कॉमट्रेडचं मोठेपण आधी मान्य करायला हवं. सिगार, चिरूट आणि सिगारिलो (छोटे सिगार) यांचा सहा आकडी एचएस कोड, म्हणजे मालाच्या जागतिक वर्गीकरणातला क्रमांक, २४०२.१०. एचएस पद्धत १९८८ मध्ये लागू झाली, तिच्या पुष्कळ सुधारणा झाल्या, पण हे घर जागचं हललं नाही. शेजारच्या २४०३ ची (तंबाखूचा इतर माल) २०१२ मध्ये फोडाफोड झाली, २०२२ मध्ये निकोटिनच्या नव्या वस्तूंसाठी २४०४ हे वेगळं शीर्षक आलं. सिगार मात्र होता तिथेच राहिला. त्यामुळे एका कोडवर लांब पल्ल्याची मालिका मिळते. एका बैठकीत जगाचा नकाशा समोर येतो: डॉमिनिकन रिपब्लिक, निकाराग्वा, होंडुरास आणि क्यूबा हा हाताने वळलेल्या सिगारचा पट्टा, नेदरलँड्स, बेल्जियम, जर्मनी ही यंत्रावरच्या छोट्या सिगारची जुनी ठिकाणं, इकडे आशियात इंडोनेशिया आणि श्रीलंका. कुठला प्रदेश चढतो आहे, कुठला उतरतो आहे, याची पहिली चाहूल इथे जितकी लवकर लागते तितकी दुसरीकडे कुठेच लागत नाही. डॉलरमधलं मूल्य एवढंच हवं असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल; कॉमट्रेड पुरेसं आहे.

अडचण सुरू होते ती मूल्यावरून मालाकडे वळल्यावर. किती सिगार? केवढे सिगार?

आपल्या भागातल्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही. महाराष्ट्रात तेंदूच्या एका पुड्यात ७० पानं आणि प्रमाण गोणीत १,००० पुडे. सीमेपलीकडे मध्य प्रदेशात तीच गड्डी ५० पानांची, आणि १,००० गड्ड्यांची प्रमाण गोणी. गोणी म्हटली की इकडे ७०,००० पानं आणि तिकडे ५०,०००. गोंदियाचा जुना व्यापारी ‘किती गोण्या’ विचारण्याआधी ‘कुठल्या गोण्या’ विचारतो. सिगारच्या आकड्यांना हाच प्रश्न विचारला की दोन्ही मार्गांमधला फरक उघडा पडतो.

हाताने वळलेला मध्यम आकाराचा सिगार दहा-बारा ग्रॅमच्या आसपास भरतो. सिगारिलो तीन ग्रॅमच्या आतला. युरोपच्या करनियमांत तीच रेषा आहे. दोन्ही जातात २४०२.१० मध्येच. म्हणजे एका कोडखाली एकीकडे डझनभर ग्रॅमचा, कारागिराने वळलेला नग आणि दुसरीकडे यंत्रातून मिनिटाला शेकड्यांनी पडणारी कांडी. यांना वेगळं करायची एकच सोपी युक्ती आहे: नगांची संख्या आणि निव्वळ वजन हे दोन्ही आकडे मिळवायचे आणि भागाकार करायचा. हजार नगांमागे जितके किलो, तितकेच एका नगामागे ग्रॅम. उत्तर बारा आलं तर तो माल निकाराग्वातल्या एस्तेलीच्या किंवा डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सँतियागोच्या कारखान्यातल्या हातांचा आहे, दोन आलं तर यंत्राचा. एवढ्या एका भागाकारातून कुठल्या प्रदेशाचा पुरवठा कुठल्या वर्गात सरकतो आहे ते कळतं. माझ्या टिपणांचा कणा हाच असतो.

आणि नेमका हाच भागाकार कॉमट्रेडवर मला नीट करता येत नाही.

सगळे देश वजन कळवत नाहीत. जिथे वजन किंवा संख्या आलेली नसते, तिथे संयुक्त राष्ट्रांचा सांख्यिकी विभाग मूल्यावरून वजनाचा अंदाज बांधतो. त्या वस्तूचा प्रमाण एकक भाव धरून मूल्याला त्याने भागायचं, अशी साधारण पद्धत. यात लपवाछपवी काही नाही. डाउनलोड केलेल्या फाइलमध्ये निव्वळ वजनाच्या शेजारी ते अंदाजे आहे की कळवलेलं, हे सांगणारा रकाना दिलेला असतो. पडद्यावरचा तक्ता बघून काम भागवणाऱ्याची नजर मात्र त्या रकान्यावर सहसा जात नाही. नगांची संख्या शोधायला जावं, तर माझ्या कामात आलेल्या ओळींत ती जागा बऱ्याचदा रिकामी, नाहीतर तिथे वजनच पुन्हा लिहिलेलं.

अंदाजाने बिघडतं काय, ते एका काल्पनिक आकड्यावर बघू. समजा, एका देशाने १२ लाख डॉलरचे सिगार पाठवले आणि वजन कळवलं नाही. प्रमाण भाव किलोला ६० डॉलर धरला, तर वजन लिहिलं जाईल २०,००० किलो. आता तुम्ही उत्साहाने किलोमागचा भाव काढायला बसलात की उत्तर येणार ६० डॉलर. त्या देशाच्या मालाबद्दल तुम्हाला काहीही कळलेलं नसतं. अंदाज बांधताना वापरलेला आकडा तेवढा परत हातात आलेला असतो. तो देश अतिमहाग सिगार पाठवत असो की स्वस्त सिगारिलो, भाव तोच दिसणार. दोन प्रदेशांची तुलना करायला निघालेल्या माणसाला याहून फसवं काही नाही, कारण आकडा अगदी विश्वासू दिसतो. कुठल्या देशाचा किलोमागचा भाव वर्षानुवर्षं जगाच्या सरासरीला चिकटून चालताना दिसला की मी आधी अंदाजाचा रकाना तपासतो. फार वेळा तिथेच कारण सापडतं.

मोजदाद मी केलेली नाही, अनुभवावरून बोलतो आहे. पण सिगारसारख्या वस्तूत, जिथे एकाच कोडखाली नगाची किंमत काही सेंटपासून शेकडो डॉलरपर्यंत जाते, तिथे सरासरी भावावरून काढलेल्या वजनाला मी आता हात लावत नाही. निर्णय या एका गोष्टीवर झाला. बाकी सगळं कमी-जास्त चाललं असतं.

आता दुसरा मार्ग. अमेरिका हा सिगारचा जगातला सर्वांत मोठा आयातदार, आणि तिच्या सीमाशुल्काच्या वहीत सिगारची नोंद नगात आणि किलोत अशी दोन्ही होते. यामागे कारणही आहे: तिथला मूळ आयातशुल्काचा दर किलोमागे काही रक्कम अधिक मूल्यावर काही टक्के असा बांधलेला आहे. कर वजनावर असला की वजन कोणीतरी लक्षपूर्वक लिहितं. डॉमिनिकन रिपब्लिक, निकाराग्वा आणि होंडुरास हे अमेरिकेशी झालेल्या काफ्टा-डीआर या मुक्त व्यापार करारातले देश असल्याने त्यांच्या मालाला या मूळ शुल्कातून सूट आहे, पण नोंदीची चौकट तीच राहते. शिवाय अमेरिकेने सिगारचे नगाच्या किमतीवरून तीन भाग केले आहेत: १५ सेंटच्या आतला, १५ ते २३ सेंटमधला आणि २३ सेंट किंवा त्याहून वरचा. आजच्या भावात ही रेषा फारच खाली पडते, हाताने वळलेला कुठलाही सिगार ती सहज ओलांडतो. तरी अगदी स्वस्त माल वेगळा काढायला ती उपयोगी पडते. उरलेली चाळणी नगामागच्या ग्रॅमची.

युरोस्टॅटमध्ये कोड २४०२ १० ००, आणि वजनाच्या जोडीला पूरक एकक आहे हजार नग. म्हणजे तिथेही भागाकार जमतो. अमेरिका आणि युरोपीय संघ या दोन वह्या हाताशी असल्या की जगातल्या सिगारच्या मागणीचा फार मोठा हिस्सा तुमच्यासमोर नगात मोजलेला असतो.

संख्या आणि वजन एकत्र असण्याचं मोल मला सगळ्यात जास्त पटलं ते अमेरिकेच्या २००९ च्या कथेतून. १ एप्रिल २००९ पासून तिथे छोट्या सिगारवरचा संघीय कर हजारामागे १.८२८ डॉलरवरून एकदम ५०.३३ डॉलरवर नेला गेला, म्हणजे सिगारेटच्या बरोबरीला. मोठ्या सिगारवरचा कर मात्र किमतीच्या टक्क्यांत ठेवला: ५२.७५ टक्के, नगामागे कमाल ४०.२६ सेंट. छोटा आणि मोठा यांच्यातली रेषा वजनाची. हजार नगांचं वजन तीन पौंडांपर्यंत असेल तर छोटा, वर गेला तर मोठा. नगाला सुमारे १.३६ ग्रॅम. आता उत्पादकाच्या जागी बसून बघा. पाच सेंटचा सिगार छोटा ठरला तर त्यावर पाच सेंटांहून थोडा जास्त कर. तोच किंचित जड करून मोठा ठरवला तर अडीच सेंटांच्या थोडा वर. कितीतरी उत्पादकांनी तेच केलं. छोट्या सिगारची विक्री कोसळली, मोठ्या सिगारची उसळली. नुसती संख्या बघणारा म्हणेल की अमेरिकन माणूस अचानक मोठ्या सिगारकडे वळला. ओढणारे तेच, कांडी जवळपास तीच; वजनाचा काटा तेवढा रेषेपलीकडे सरकला होता. ही गोष्ट ज्या आकड्यांतून कळते ते अमेरिकेच्या अर्थखात्यातल्या टीटीबी या दारू-तंबाखूवरचा कर बघणाऱ्या विभागाचे आहेत, आयातीचे नव्हेत. पण धडा दोन्हीकडे लागू पडतो. संख्येशेजारी खरं वजन हवं, नाहीतर वर्गांतर आणि वाढ यांत फरक करता येत नाही.

एक तेंदूवाले काका हे सगळं ऐकून म्हणाले होते, “भाऊ, एवढं काऊन पाहायचं? कोणता देश मोठा झाला तेवढंच सांगा ना!” त्यांचा मुद्दा चुकीचा नाही. पण ‘मोठा’ कशात, हे ठरवल्याशिवाय उत्तरच देता येत नाही. मूल्यात डॉमिनिकन रिपब्लिक पुढे आहे. तंबाखू आणि सिगार मिळून त्यांची निर्यात वर्षाला एक अब्ज डॉलरच्या वर जाते. पण अमेरिकेत येणाऱ्या हातवळणीच्या सिगारची नगसंख्या मोजली की गेल्या काही वर्षांत निकाराग्वा पुढे दिसतो. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. फक्त मूल्य बघणाऱ्याला एस्तेलीचा उदय उशिरा कळतो, आणि मला वाटतं, प्रदेशांच्या पुरवठ्यातली अलीकडच्या काळातली सगळ्यात महत्त्वाची हालचाल तीच आहे.

या मार्गाचंही एक मोठं भोक आहे: क्यूबा. फेब्रुवारी १९६२ पासूनच्या निर्बंधांमुळे अमेरिकेच्या व्यापारी आयातीत क्यूबन सिगारची ओळ रिकामी असते. मधल्या काळात प्रवाशांना सामानातून सिगार आणायची मुभा मिळाली, २०१६ मध्ये ती आणखी सैल झाली आणि २०२० मध्ये काढून घेतली गेली. पण सामानातला माल व्यापारी आयातीच्या आकड्यांत उमटत नाही. तेव्हा फक्त डेटावेब उघडून बसलेल्या माणसाच्या जगात क्यूबा नसतोच. इथे कॉमट्रेड बरं, असं कोणी म्हणेल. मला तसं वाटत नाही, कारण क्यूबाने स्वतः कळवलेली माहिती तुटक आहे आणि तिथेही शेवटी खरेदीदार देशांच्या आरशातूनच बघावं लागतं. मग आरसाच वापरायचा तर तो युरोस्टॅटचा का नको? स्पेन हा क्यूबन सिगारचा जुना आणि मोठा ग्राहक. त्याची क्यूबाकडून झालेली आयात युरोस्टॅटमध्ये युरोतही मिळते, नगातही.

क्यूबाच्या बाबतीत नगांची गरज तर आणखी जास्त. क्यूबन सिगारची जगभर विक्री करणाऱ्या हबानोस कंपनीने २०२३ साठी ७२ कोटी १० लाख डॉलर आणि २०२४ साठी ८२ कोटी ७० लाख डॉलर उलाढाल जाहीर केली. आकडे झपाट्याने चढलेले आहेत. पण सप्टेंबर २०२२ मध्ये इयान चक्रीवादळाने पिनार देल रिओ या तंबाखूच्या मुख्य प्रांताला झोडपून काढलं होतं, पानं सुकवायची हजारो घरं पडली होती. आणि त्याच वर्षी कोहिबा, त्रिनिदाद या वरच्या मार्कांचे भाव जगभर खूप वर नेले गेले. तेव्हा उलाढाल वाढली याचा अर्थ सिगार वाढले असा घेता येत नाही. भाव वाढले, चीनसारख्या बाजारातली श्रीमंत मागणी वाढली, हे उलाढालीतून दिसतं. माल किती निघाला, हे नगांवरूनच बघावं लागतं, आणि ते बघायची खिडकी आयातदारांच्या वह्यांतच आहे. चीन, हाँगकाँग, आखाती देश इथला आरसा तितका स्वच्छ नाही हे कबूल. तिथल्यासाठी मी कॉमट्रेडवरचं मूल्य घेतो आणि वजनाचा उल्लेख टाळतो.

मूळ देश आणि पाठवणारा देश यांच्या घोळाबद्दल थोडक्यात. आयात सहसा माल जिथे बनला त्या देशाच्या नावावर लिहिली जाते, निर्यात शेवटच्या माहीत असलेल्या मुक्कामाच्या नावावर. डॉमिनिकन सिगार नेदरलँड्सच्या गोदामातून पुढे गेला की दोन्ही वह्या जुळत नाहीत. युरोपीय संघाच्या आत तर माल ज्या सदस्य देशातून आला त्याचंच नाव लागतं. जर्मनीने स्पेनकडून घेतलेला क्यूबन सिगार स्पेनच्या खात्यात दिसतो. म्हणून युरोस्टॅटमध्ये संघाबाहेरून आलेली आयात तेवढीच घ्यावी, आतली फिरवाफिरव बाजूला ठेवावी. कॉमट्रेडमध्ये सगळ्या देशांची बेरीज करणाऱ्यांकडून तोच सिगार दोनदा मोजला जाण्याची शक्यता राहते.

आपल्या घरचा पर्यायही बघायला हवा. वाणिज्य मंत्रालयाचा निर्यात-आयात डेटा बँक, ज्याच्या मागे व्यापाराची आकडेवारी गोळा करणारं कोलकात्याचं डीजीसीआयएस हे सरकारी कार्यालय आहे. जागतिक सिगारसाठी तो अपुरा, कारण त्यात फक्त भारत आहे. भारताची सिगारची उलाढाल लहान असल्यामुळे देशवार तक्ता दशलक्ष डॉलरमध्ये काढला तर शून्याच्या आसपासचे आकडेच जास्त दिसतात. रुपयांत काढावा, मग थोडा जीव येतो. वर्ष एप्रिल ते मार्च असल्यामुळे परदेशी आकड्यांशी थेट लावता येत नाही; महिनावार काढून स्वतः बेरीज करावी लागते.

तरीही या स्रोताबद्दल मला फार आपुलकी आहे, आणि ती पानामुळे. जगाच्या सहा आकडी कोडमध्ये कच्च्या तंबाखूचं वर्गीकरण देठ काढलेला, न काढलेला आणि टाकाऊ एवढ्यावरच थांबतं. आपल्या आठ आकडी कोडमध्ये देठासकट पानाचे उपयोगावरून वेगळे रकाने आहेत: विडीसाठीचा, खाण्याचा, हुक्क्याचा, आणि २४०१ १० ७० हा सिगार व चिरूट करण्यासाठीचा. तेंदूपानाला तर स्वतःचं घर आहे, १४०४ ९० १०. उरैयूर आणि दिंडिगुलच्या चिरूटांची परंपरा असलेल्या देशानेच इतकी बारीक वही ठेवावी, हे शोभतं. विदर्भातून कोणाला सिगारच्या व्यवसायाशी नातं जोडायचं असेल तर माझ्या मते ते तयार सिगारपेक्षा पानातून, पेटीतून, पॅकिंगमधून जुळण्याची शक्यता जास्त. सिगार, चिरूट, सिगारिलो आणि सिगारेट यांच्या उत्पादनात परकीय थेट गुंतवणुकीला भारतात मनाई आहे, त्यामुळे बाहेरचा मोठा उत्पादक इथे कारखाना काढेल या आशेवर बसण्यात अर्थ नाही. पानाच्या प्रश्नासाठी आधी हा डेटा बँक उघडा. सिगारच्या प्रश्नासाठी मात्र तो दुसऱ्या नंबरवर.

जहाजागणिक बिलांची माहिती विकणाऱ्या कंपन्याही आहेत. एकीचा नमुना मी घेऊन बघितला. त्यात सिगारसोबत सिगार कापायच्या कात्र्या आणि रिकाम्या पेट्याही मोजलेल्या निघाल्या, कारण शोध मालाच्या वर्णनातल्या शब्दांवरून केलेला होता. ठरावीक खरेदीदाराचं नाव शोधायचं असेल तर तिचा उपयोग होत असेल. प्रदेशांचा कल बघायला पैसे खर्च करण्याची गरज मला दिसली नाही.

तर मग कोणी काय घ्यावं? महाविद्यालयाचा प्रकल्प असेल, पंधरा-वीस देशांचं मूल्य एका आलेखात हवं असेल आणि हाताशी आठवडाच असेल, तर कॉमट्रेड घ्या आणि वजनाचा रकाना काढूनच टाका. आफ्रिका, आखात, आग्नेय आशिया असा विस्तार हवा असेल तरीही तेच. पण पैसे गुंतवायचे असतील, म्हणजे कुठल्या देशाला पेट्या विकायच्या, कुठल्या वर्गाच्या सिगारला लागणारं पान बघायचं, असा निर्णय त्यावर उभा राहणार असेल, तर मी आयातदारांच्या वह्यांकडेच पाठवीन. वेळ जास्त लागतो, हे खरं. प्रत्येक संकेतस्थळाची रीत निराळी, डेटावेबला खातं उघडावं लागतं, युरोस्टॅटचे तक्ते पहिल्यांदा बघताना अंगावर येतात. पहिले काही दिवस कंटाळा येईल. पण तुमच्या भागाकाराचं उत्तर तुमचं असतं, कोणाच्या सरासरीतून परत आलेलं नसतं.

डेटावेबची आणखी एक सोय अलीकडे कामाची ठरली. तिथे मालाच्या मूल्याशेजारी हिशेबी शुल्काची रक्कमही मिळते. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने जादा शुल्क जाहीर केलं तेव्हा डॉमिनिकन रिपब्लिक आणि होंडुरासला १० टक्के आणि निकाराग्वाला १८ टक्के असा दर ठरवला. करारातल्या तीन शेजाऱ्यांत असा भेद झाला की मालाची आवक महिन्या-महिन्याने वरखाली होऊ शकते: कोणी आधीच साठा आणून ठेवतं, कोणी थांबतं. अशा काळात एका महिन्याच्या आकड्यावरून एस्तेली चढली की सँतियागो, हे ठरवू नका. तिन्ही देशांचे नग, किलो आणि शुल्क शेजारी शेजारी मांडून निदान वर्षभराची चाल बघा. आणि अमेरिकेचे मागच्या वर्षाचे आकडे दर जूनमध्ये सुधारून पुन्हा प्रसिद्ध होतात. जानेवारीत उतरवून ठेवलेली फाइल तुमच्याकडे असेल तर जूननंतर ती एकदा नव्याने उतरवून घ्या.